जुन्या कोचाला नवे कपडे

दिवाळीत घरातल्या सगळ्यांना नवे कपडे होतात. मुलांना होतात, जावयांना होतात, कामाच्या बाईंना साडी होते. बैठकीच्या खोलीतला कोच तेवढा वर्षानुवर्षे त्याच मळखाऊ तपकिरी कापडात मुकाट बसून असतो. आमचाही तसाच बसला होता. गेल्या वर्षी गणपती उठले आणि त्याच्यावरून आमच्या घरात जी वादावादी झाली ती सांगण्यासारखी आहे. कारण तशी ती आपल्याही घरी होऊन गेली असेल, नसेल तर व्हायची असेल.

सामान काय होते ते आधी सांगते. तिघांचा एक कोच आणि दोन खुर्च्या असा सागवानी संच; १९६४ साली, लग्नाच्या वर्षी, माझ्या सासऱ्यांनी इथे पुण्यातच सुताराकडून करून घेतलेला. त्याच्या गाद्या सुट्या. शिवाय या संचाबाहेरची एक मोठी, हातांची, स्प्रिंगची खुर्ची. ती मामंजींनी १९७१ मध्ये कुठल्याशा लिलावात घेतली आणि पुढे पन्नास वर्षे तीत बसून सकाळचे वर्तमानपत्र वाचले. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती. खुर्चीच्या बैठकीला त्यांच्या बसण्याचा खोल खड्डा पडला होता आणि तीत कोणी बसत नसे. बसू नये असे कोणी म्हटले नव्हते. पण नसे बसत.

मग हळूहळू त्या खोलीतच कोणी बसेना. थोरली तिच्या खोलीत, धाकटा जेवणाच्या टेबलाशी, आमचे हे गॅलरीत. प्रत्येकाच्या हातात आपापला फोन. सासूबाई तेवढ्या दिवाणाच्या कडेला, खुर्चीकडे तोंड करून. पाहुणे आले की आम्ही सगळे धावत तिथे जमायचो आणि ते गेले की पांगायचो.

यांनी कुठलीशी ‘जुना द्या, नवा घ्या’ अशी जाहिरात पाहिली. माणूस येऊन गेला. संच आणि खुर्ची मिळून दोन हजार रुपये द्यायला तो तयार होता, तेही त्याच्याकडचा नवा सोफा घेतला तर. मुले खूष. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. आत जाऊन गवार निवडायला बसल्या. आमच्या घरात याचा अर्थ काय होतो हे मला चांगले ठाऊक आहे, म्हणून मी म्हटले, आठ दिवस थांबू या.

त्या आठ दिवसांत मी जी चौकशी केली ती इथे मांडते. जुने सामान ठेवावे की काढावे, हे वरच्या कापडावरून कधीही ठरवू नये, सांगाड्यावरून ठरवावे. कोचाचा पुढचा एक पाय जमिनीपासून सहा इंच उचलावा. तोवर पुढचा दुसरा पायही आपोआप उचलला गेला, तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला, तर सांगाडा पिळवटला आहे. मग हात धरून हलवून पाहावेत, कुरकुर ऐकावी. उलटा करून खालून पाहावे. लाकडाच्या खाचेत लाकूड बसवून केलेले सांधे असतील, तर ते सरस लावून पुन्हा आवळता येतात. भुशाच्या फळीवर नुसत्या पिना ठोकलेल्या असतील, तर त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. तिथे खिळा दुसऱ्यांदा धरतच नाही. या परीक्षेत आमचा साठ वर्षांचा कोच पहिल्या वर्गात उतरला. त्या माणसाने छायाचित्रात दाखवलेला नवा सोफा भुशाचा होता.

मिस्त्री आले ते पितृपक्षात. ही वेळ साधली हे आमचे नशीब. दसऱ्यानंतर या लोकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि पावसाळ्यात काम काढले तर लाकडाचे पॉलिश वाळत नाही, कापसाला वास धरतो. संचाच्या गाद्या त्यांनी फाडल्या तेव्हा आत पिंजलेल्या कापसाचे दगड झालेले होते. शिवणीशिवणीतून काय निघाले, ते ऐकून हसाल: एक पेन्सिल, दोन शर्टाची बटणे, चार आण्याचे नाणे आणि थोरलीची लहानपणी हरवलेली सोंगटी, जिच्यावरून त्या वेळी धाकट्याने निष्कारण मार खाल्ला होता. (ढेकूण निघाले नाहीत. निघाले असते तरी मी छापून सांगितले नसते!)

गादीत आता फोम घालतात. त्यात फसवणूक फार, कारण तो खोळीत गेला की दिसत नाही. दुकानदार ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतो, आपण मान डोलावतो. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन, एवढे कळले की पुरे. मग घरचा काटा साक्षीला आहे. बावीस इंच चौरस आणि चार इंच जाड तुकडा ४० चा असेल तर सव्वा किलोच्या आसपास भरतो, ३२ चा असेल तर एक किलो. बैठकीला ४० चा घ्यावा, पाठीला ३२ पुरे. पहिल्या खेपेला आमच्याकडे आलेले तुकडे किलोभर भरले. मिस्त्रींनी ते न बोलता परत नेले. आकडा मोठा म्हणजे फोम कडक, असेही समजू नये. मऊ की कडक हे हाताने दाबून निराळे पाहावे लागते. वजनाचा फोम पटकन बसत नाही, एवढाच त्याचा गुण.

मग पाळी आली खुर्चीची. मिस्त्रींनी ती उलटी केली, खालचे गोणपाट कापले आणि आम्हांला बोलावले. आजवर मला वाटे, स्प्रिंगची खुर्ची म्हणजे लाकडावर स्प्रिंगा आणि त्यांवर कापड. तसे नव्हे. तळाशी नवारीच्या पट्ट्या खाटेसारख्या आडव्या-उभ्या विणलेल्या. त्यांवर स्प्रिंगा शिवलेल्या. प्रत्येक स्प्रिंगेचे डोके चारी बाजूंना सुतळीने बांधून चौकटीला आवळलेले, म्हणजे माणूस बसला की सगळ्या मिळून खाली जातात, एकटीदुकटी कलत नाही. त्यावर गोणपाट, मग नारळाच्या काथ्याचा थर, मग कापूस, मग मांजरपाट आणि सर्वांत शेवटी आपण ज्याला खुर्ची म्हणतो ते कापड. काथ्या तसाच ताठ होता. पिंजून पुन्हा घालता येईल, असे मिस्त्री म्हणाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, “हा खड्डा आहे तसा ठेवता येईल का हो?”

मिस्त्री जरा थांबले. मग म्हणाले, “आजी, हे पाहा. स्प्रिंग एकही मेलेली नाही. खड्डा कशाने पडला? इथल्या तीन सुतळ्या तुटल्यात आणि खालची नवार सैल झालीय. अशीच ठेवली तर वर्षभरात स्प्रिंग कापड फाडून वर येईल. मग ना बसता येईल, ना ठेवता येईल.”

सासूबाई वाकल्या, तुटलेली सुतळी हातात घेऊन पाहिली, पण हो-नाही काही म्हणाल्या नाहीत. मिस्त्री खुर्ची तशीच उघडी ठेवून गेले. रात्री मला जाग आली तेव्हा बैठकीत दिवा होता. सकाळी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, “बांधायला सांग त्यांना. आणि कापड मी निवडणार.”

तेव्हा त्यांना घेऊन मी रविवार पेठेत गेले. मुंबईकर भगिनींना मंगळदास मार्केट आहेच. दुकानात नमुन्यांच्या वह्या पुढे आल्या आणि त्यांतले रंग पाहून सासूबाईंचा चेहरा पडला. बेज, ॲश, मश्रूम! सगळी धुळीचीच भावंडे. त्यांनी चष्मा पुसून विचारले, “आमसुली नाही का? निदान गुलबक्षी?” दुकानातला मुलगा बावचळला. मग त्या सांगत गेल्या, श्रीखंडी, अंजिरी, मोरपंखी, शेवाळी, डाळिंबी, आणि तो माळ्यावरून गठ्ठे काढत गेला. आपल्या मराठीत रंगांना खाण्याची आणि फुलांची एवढी नावे आहेत. आपण घरे मात्र राखेने रंगवतो, याचे मला नवल वाटते. मळत नाही म्हणून, असे कोणी म्हणेल. मळते, दिसत नाही इतकेच.

कापडाचा हिशोब शिंप्यावर सोडू नये, आपणही करावा. बावीस इंचांच्या एका गादीला ५४ इंच पन्ह्याचे कापड सुमारे ३४ इंच लागते: वरचा आणि खालचा तुकडा शेजारी शेजारी निघतात आणि कडेच्या पट्ट्या वेगळ्या. पाच माणसांच्या बैठकीच्या आणि पाठीच्या मिळून दहा गाद्या. म्हणजे साडेआठ मीटर आणि गोट, नक्षी जुळवणे धरून दहा. तेच कापड ३६ इंची असेल तर वरखालचे तुकडे शेजारी बसत नाहीत आणि लागते जवळजवळ दुप्पट. स्वस्त म्हणून अरुंद कापड घेणारी गृहिणी इथे फसते. मीही त्याच वाटेवर होते. सासूबाईंनी बोटांवर मोजून मला थांबवले.

नमुन्याच्या मागे पुष्कळदा ‘मार्टिनडेल’ असे लिहून एक आकडा असतो. यंत्रावर किती वेळा घासल्यावर कापड झिजते, त्याचा तो आकडा. रोज बसायच्या कोचाला तो १५,००० ते २५,००० तरी असावा. हातमागाच्या कापडावर तो सापडत नाही. तिथे कापड उजेडासमोर धरून वीण पाहावी आणि तिरपे ओढावे. केरळातल्या कण्णूरचे हातमागाचे जाड सुती कापड अशा कामाला फार चांगले, आणि आम्ही संचाला तेच घेतले, शेवाळी. सुती कापड बेतण्याआधी एकदा भिजवून वाळवून घ्यावे, नाही तर पहिल्या धुण्यानंतर खोळ गादीवर चढत नाही. गोटाची पट्टी उरेब कापावी; सरळ कापलेली कोपऱ्यावर चुण्या पाडते.

आता माझी एक चूक सांगते. कपाटातली जुनी रेशमी साडी कापून उशीचे अभ्रे करावेत, हे मासिकांतून वाचलेले मी पूर्वीच करून बसले होते. वर्षात ती घडीघडीवर चिरली. जुने रेशीम दिसायला धड असते. घडीच्या रेघेत ते आधीच मेलेले असते. जुन्या सुती साडीचे तसे नाही. तिला आतून मांजरपाटाचे अस्तर दिले तर छोट्या उश्यांना ती सुरेख चालते. बसायच्या गादीला मात्र नको. गुळेदगुडचा खण असाच मोहात पाडतो, पण त्याचा पन्हा लहान. त्याचा आम्ही गोट केला. शेवाळी गाद्यांना डाळिंबी खणाचा बारीक गोट इतका खुलला, की धाकट्याने न सांगता त्याचे छायाचित्र काढून मित्रांना पाठवले.

बाकी फारसे काही केले नाही. दिवाणावर सोलापुरी चादर आली. पडदे जुनेच ठेवले, फक्त पश्चिमेच्या खिडकीला आतून पांढरे अस्तर लावले. कारण तिसऱ्या प्रहरचे ऊन रंगीत कापडाला सर्वांत आधी खाते. लाकडाला चपडीचे पॉलिश केले. ते दिसते देखणे, पण गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते, हे घरातल्या चहाबाजांना दहादा सांगावे लागते. एकूण खर्च तीस हजारांच्या आत राहिला. यांनी तो वहीत लिहिला आणि शेजारी त्या नव्या सोफ्याची किंमतही लिहिली, ती मी मुद्दाम पाहिली.

खुर्चीचे कापड सासूबाईंनी मला शेवटपर्यंत दाखवले नव्हते. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मिस्त्री ती घेऊन आले तेव्हा पाहिले: गडद आमसुली, नक्षी नाही, गोट नाही. बैठक सपाट, ताठ. मिस्त्री म्हणाले, “बसून पाहा, आजी.” त्या म्हणाल्या, “नंतर.” त्यांनी मिस्त्रींना फराळाचा डबा दिला आणि उरलेली चिंधी मागून घेतली. ती आता मामंजींच्या चष्म्याच्या घरात आहे.

लक्ष्मीपूजनाला आम्ही सगळे त्या खोलीत होतो. कोचावर जागा पुरेना म्हणून थोरली खाली बसली. तरीही खुर्ची रिकामीच राहिली. भाऊबिजेला सासूबाईंचे धाकटे भाऊ नाशिकहून आले. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. प्रवासाने दमले होते, पायांतल्या चपला काढल्या आणि थेट त्या खुर्चीत बसले, पुढच्या कडेवर, अवघडून. आम्ही सगळेच एकदम गप्प झालो. सासूबाई ओवाळणीचे तबक घेऊन आतून येत होत्या. त्या क्षणभर थबकल्या.

“नीट मागे सरकून बस रे,” त्या म्हणाल्या. “आता टोचत नाही.”