‘मीटर गेला’ म्हणण्याआधी

माळशेजच्या पावसात भिजून आलेल्या गाडीचा डिस्प्ले अंधारला, किंवा ट्रिप बदलायचं बटण ऐकेनासं झालं, की टोकावड्यापासून शहापूरपर्यंत निकाल एकच लागतो: ‘मीटर गेला.’ नवा मीटर म्हणजे हजारोंचा फटका. त्यात गाडी कल्याण-भिवंडीला न्यायची तर भाड्याचा खाडा. एवढं करूनही पुष्कळदा दुखणं तसंच राहतं, कारण मीटर आणि त्याची बटणं ही वायरिंगची नुसती टोकं असतात आणि बिघाड बहुधा मधेच कुठेतरी असतो.

मीटरला वीज साधारणपणे दोन वाटांनी मिळते. एक थेट बॅटरीवरून, किल्ली काढली तरी चालू राहणारी. दुसरी किल्ली फिरवल्यावर. गाडी बंद केली की दर वेळी घड्याळ पहिल्यापासून सुरू होत असेल, ट्रिप शून्यावर येत असेल, तर पहिली वाट तुटली आहे. किल्ली फिरवूनही पडदा काळाच आणि सोबत वायपर किंवा काच वर-खाली करणारी मोटरही गप्प, तर दुसऱ्या वाटेचा फ्यूज आधी पाहा. इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर डिस्प्लेही मंद-प्रखर होत असेल, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्या.

अर्थिंग तपासताना वायरिंगवाल्यांतलाही एक लाडका समज आडवा येतो: मल्टीमीटरची बीप वाजली म्हणजे वायर चांगली. वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजते, कारण त्या वेळी वायरमधून नावापुरताच करंट जातो. खरी परीक्षा भार असताना होते. दिवे आणि ब्लोअर चालू करा, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनला मागच्या बाजूने लावा. कपलर काढायचा नाही. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला, तर पायाजवळच्या पत्र्यावरचा अर्थचा बोल्ट खोलून गंज घासायची वेळ आली आहे. खर्च जवळपास शून्य.

बटण म्हणजे नुसतं चालू-बंद, हाही समज जुन्या गाड्यांपुरताच खरा. स्टिअरिंगवरच्या चार-पाच बटणांना अनेक गाड्यांत मिळून एकच वायर असते. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर बसवलेला असतो. बटण दाबलं की वायरवरचा व्होल्टेज ठरावीक आकड्यावर येतो आणि त्यावरून कुठलं बटण दाबलं ते गाडीतलं कंट्रोल मॉड्यूल ओळखतं. आता बटणाच्या संपर्कावर मळ चढला, की तो स्वतःचा रोध त्यात मिसळतो आणि आकडा सरकतो. म्हणून आवाज वाढवायला जावं तर गाणंच बदलतं. मालकाला वाटतं म्युझिक सिस्टीम बिघडली. कपलर काढून ओहम मोजावेत, एकेक बटण दाबून पाहावं. आकडा प्रत्येकाचा वेगळा आणि स्थिर हवा. दाबून धरलेलं बटण हलवल्यावर आकडा नाचला, तर स्विच खराब. काहीही न दाबता आकडा उतरलेला दिसला, तर आत ओल आहे.

ओलीची गोष्ट आपल्या भागात सविस्तर सांगायलाच हवी. ‘ऊन पडलं की गाडी आपोआप बरी होते’ असं पावसाळाभर ऐकू येतं. बरी काही होत नाही. पाणी सुकतं, पण तांब्याच्या पिनांवर हिरवट थर ठेवून जातं, आणि पुढच्या पावसात तोच बिघाड अधिक लवकर येतो. पाणी शिरतं कुठून? गाडी आंब्याखाली किंवा जांभळाखाली लावायची आपली सवय. समोरच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, कुजतात, निचऱ्याचं भोक बुजतं. मग पाणी ब्लोअरच्या तोंडातून डाव्या सीटच्या पायाशी उतरतं आणि तिकडची वायरिंग भिजवतं. एसीची निचरा नळी तुंबली तरी तेच. डाव्या बाजूचं मॅटिंग उचलून खालचा फोम हाताने दाबून पाहा. किन्हवलीच्या कुठल्याही गॅरेजात हे दोन मिनिटांत होतं. ते न करता आधी मीटर उघडणाऱ्याचा मला राग येतो.

पुसायला काय वापरता, हेही महत्त्वाचं. पॉलिश पेपर घासला तर पिनेवरचा मुलामा जातो आणि गंज लवकर धरतो. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरे.

धुक्यात दिवे लावले आणि डिस्प्ले ‘गेला’, असंही होतं. दिवे लागले की मीटर रात्र समजून स्वतःला मंद करतो, एवढंच. ब्राइटनेसची चकती किंवा बटण कुणीतरी तळाला नेऊन ठेवलेलं असतं.

फ्यूजबाबत मात्र गंमत नको. दहा अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून वीसचा पिवळा टाकणं किंवा पुडीची चांदी गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज राखतो तो वायरला. अनेक गाड्यांत डॅशबोर्डच्या बटणांमागचा उजेड आणि मागचे टेललॅम्प एकाच सर्किटवर असतात. म्हसा यात्रेच्या दिवसांत हौसेने मागे बसवलेल्या जादा दिव्याची साल निघालेली वायर पत्र्याला लागते आणि अंधार होतो तो पुढच्या बटणांमागे.

‘स्कॅनर लावा, सगळं कळतं’ हेही अर्धंच खरं. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतो. बटणातला मळ कुठल्याच कोडात येत नाही. ‘यू’ने सुरू होणारे कोड आले, तर मॉड्यूलांमधला संवाद तुटल्याचा तो इशारा. जिथे या संवादाची वायर, म्हणजे कॅन लाइन, थेट स्कॅनरच्या सॉकेटपर्यंत येते, तिथे बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले, तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिकडे जाणारी वायर सुटली आहे. भातकापणीनंतर उंदीर शेतातून अंगणात येतात, तेव्हा ही वायर बॉनेटखालून डोळ्यांनीच तपासून घ्यावी.

एक काम मात्र नाक्यावर करू नये. हॉर्न आणि स्टिअरिंगची बटणं एकदम बंद पडली आणि एअरबॅगचा दिवाही लागून राहिला, तर बहुधा स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टीकेबल तुटलेली असते. तिथल्या पिवळ्या कपलरमध्ये मल्टीमीटर घालायचा नाही. त्याच्या करंटनेही एअरबॅग फुटू शकते. हे काम माहितगाराकडेच, बॅटरीचा मायनस काढून आणि कंपनीने सांगितलेला वेळ थांबूनच.

वीज दोन्ही वाटांनी येते, अर्थ चोख आहे, पिना स्वच्छ आहेत आणि तरीही पडदा काळा, तर मीटर खरोखर गेला. तेव्हाही आधी दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा. सुटलेलं सोल्डर पुन्हा मारून पुष्कळ मीटर चालू होतात. नवा घ्यावाच लागला, तर जुन्याचे किलोमीटर बिलावर लिहून घ्या आणि नव्यात तेवढेच भरून घ्या. काही गाड्यांत किल्लीतल्या चिपची जुळणीही नव्याने करावी लागते. ती करणार कोण आणि तिचे पैसे किती, हे जुना मीटर काढायच्या आधी विचारा.