कारखानी इंजिन आणि टर्बोचे सामर्थ्य

वाशीहून बेलापूरकडे जाणारा पाम बीच मार्ग पाहून ज्यांना वेगाची भुरळ पडते, त्यांनी शक्ती येते कोठून आणि ती वापरावी कोठे, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावेत.

इंजिनाची शक्ती म्हणजे अखेर हवेचा हिशेब होय. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, त्या टर्बोचार्जरमध्ये धुराड्यावाटे वाया जाणारा वायूच चक्र फिरवून सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. वातावरणाइतका, म्हणजे सुमारे १ बार, जादा दाब मिळाला की हवा तत्त्वतः दुप्पट होते आणि त्या प्रमाणात इंधनही जाळता येते.

कारखान्यातून आलेला ब्लॉक व क्रँकशाफ्ट पुष्कळदा हा भार सोसतात. प्रथम हार खातात ते पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड. म्हणून जाणकार मिस्त्री तेवढेच भाग घडीव बसवतात, रिंगांची फट वाढवतात, इंटरकूलरने हवा निववतात, मोठे इंजेक्टर लावतात व ठिणगीची वेळ मागे घेतात. अन्यथा मिश्रणाचा अकाली स्फोट, अर्थात नॉकिंग, पिस्टन फोडून टाकतो. पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, ड्रॅग शर्यत काही सेकंदांतच आटोपते, म्हणूनच हे साहस निभावते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील मनमानी फेरफारास आणि कलम १८९ रस्त्यावरील विनापरवाना शर्यतीस मनाई करते. लोणावळ्यानजीक अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरत आली आहे; हौसेचे योग्य स्थान अशीच मैदाने होत.