भाडेकरार : घरमालकाने काय लिहावे, का लिहावे

बदलीच्या गावी रुजू होणाऱ्या शिक्षकास अथवा कर्मचाऱ्यास प्रथम चिंता असते ती निवाऱ्याची. त्याच वेळी त्याचे स्वतःचे घर मूळ गावी कुलूपबंद पडलेले असते. एकीकडे घराची गरज व दुसरीकडे रिकामे घर असूनही व्यवहार जमत नाही, याचे मुख्य कारण 'एकदा दिलेले घर परत मिळेल काय?' ही घरमालकाच्या मनातील शंका होय. या शंकेचे निरसन कायद्याने बऱ्याच अंशी केले आहे. मात्र त्यासाठी करार लेखी, पूर्ण व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे.

शंकेचे मूळ

ही भीती निराधार नव्हती. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने जागेचा ताबा असणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. निवारा गमावण्याच्या धास्तीत असलेल्या अनेकांना त्यामुळे दिलासा मिळाला. परंतु घर देण्याबाबत मालकांचा हात आखडला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ अन्वये, राहण्यासाठी परवान्याने, म्हणजे ज्यास व्यवहारात 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात त्या पद्धतीने, दिलेले घर मुदत संपताच परत करणे परवानाधारकावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या ताब्याबद्दल परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. अशा प्रकरणी लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो.

नोंदणीची जबाबदारी मालकाची

अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज अद्याप रूढ आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची, या जुन्या नियमातून तो निर्माण झाला. १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले असून ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोटरीचा शिक्का हा नोंदणीस पर्याय नव्हे. नोंदणीकृत करार नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. याखेरीज मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अधिनियमाच्या अनुसूचींत नमूद नसलेल्या क्षेत्रात, विशेषतः ग्रामीण भागात, हा अधिनियम लागू नसला तरी लेखी कराराची उपयुक्तता तेथेही तितकीच आहे.

करारात काय असावे

उभय पक्षांची पूर्ण नावे व कायमचे पत्ते, घराचा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ व चतुःसीमा प्रारंभी नोंदवाव्यात. व्यवहार भाडेपट्ट्याचा की परवान्याचा, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. कारण दोहोंतील हक्क भिन्न आहेत. मुदतीचा पहिला व अखेरचा दिनांक, मासिक रक्कम, ती देण्याची तारीख व पद्धत स्पष्ट असावी. मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

सर्वाधिक कलह अनामत रकमेवरून उद्भवतात. म्हणून अनामत किती, तीतून कोणत्या कारणास्तव वजावट होईल आणि उर्वरित रक्कम केव्हा परत मिळेल, हे लिहावे. किल्ल्या व अनामत यांची देवघेव एकाच दिवशी ठेवल्यास दोन्ही पक्ष निश्चिंत राहतात.

वीज, पाणी, घरपट्टी व गृहनिर्माण संस्थेचे शुल्क कोणी भरावे, याचा उल्लेख असावा. गळके छत, भिंतीची भेग यांसारखी मोठी दुरुस्ती मालकाकडे आणि नळ, दिवे यांची किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे अशी विभागणी सामान्यतः सोयीची ठरते. पंखे, कपाटे आदी वस्तूंची यादी आणि ताबा देतानाचे वीजमापकाचे वाचन करारास जोडावे.

घराचा वापर केवळ राहण्यासाठी असावा, पोटभाडेकरू ठेवू नये, बांधकामात फेरफार करू नये या अटी घालाव्यात. मुदतीपूर्वी घर सोडावयाचे झाल्यास किती दिवसांची नोटीस द्यावी, हेही नमूद करावे आणि नोटिशीचा हक्क दोन्ही पक्षांना असावा.

काय नसावे

काही अटी लिहून घेतल्या तरी वादाच्या प्रसंगी मालकाच्या कामी येत नाहीत. भाडे थकल्यास वीज-पाणी तोडण्याची अट ही अशांपैकी एक होय. भाडेकरूच्या अत्यावश्यक सोयी पुरेशा कारणाविना बंद करण्यास अधिनियमाने मनाई केली आहे. परस्पर कुलूप लावणे किंवा सामान बाहेर काढणे हाही ताबा मिळविण्याचा मार्ग नव्हे. तसेच प्रत्यक्षाहून कमी भाडे दाखविणारा करार मालकाच्याच मुळावर येतो; कारण दुप्पट भरपाईचा हिशेब कागदावरील रकमेवरूनच होणार.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, तसेच आता ऑनलाइन पद्धतीनेही 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची नोंदणी करता येते. नोंदणीनंतर एक प्रत घर घेणाऱ्यास अवश्य द्यावी. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्याकडे अशा बाबतीत सल्ल्यासाठी लोक विश्वासाने येतात. कुलूपबंद घरे उघडावीत आणि गरजूंना निवारा मिळावा, यासाठी त्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचविणे उपयुक्त ठरेल. ओळखीच्या माणसाकडून कागद करून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. उलट ती ओळख अखेरपर्यंत टिकावी यासाठी केलेली ती तरतूद होय.