फेरी रिकामी का धावते?

'गाडीत माणसंच बसत नाहीत, म्हणून फेरी बंद झाली,' असे आपण सहज बोलून जातो. पण माणसं का बसत नाहीत, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आज मांडू.

समजा, गावाला दोनच फेऱ्या आहेत. सकाळी आठला जाणारी आणि संध्याकाळी पाचला परतणारी. तालुक्याला काम तासाभराचे, पण त्यापायी अख्खा दिवस मोडतो. निंदणाच्या दिवसांत एवढा वेळ कोणापाशी आहे? मग माणूस काळीपिवळीत दाटीवाटीने बसतो, नाहीतर हप्त्याने मोटारसायकल घेतो. तो पुन्हा एसटीकडे फिरकत नाही. फेरीचे भारमान घटते आणि दोनातली एक फेरी जाते. खत नाही म्हणून पीक खुरटले, आणि पीक खुरटले म्हणून खत बंद केले, तशी ही गत!

खरिपाच्या तोंडावर एका गावी सोयाबीनची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासावी, हे दाखवत होतो. गोणपाटावर शंभर दाणे मांडले, तोच शेजारगावच्या चार बाया उठल्या. म्हणाल्या, "साहेब, पाचची गाडी हुकली तं रात्र इथंच काढा लागन." शंभरात किमान सत्तर दाणे उगवले तरच ते बियाणे पेरणीजोगे, ही मुख्य गोष्ट सांगायची तशीच राहिली. दुबार पेरणीचे संकट असेही गावात येते.

आपल्या जिल्ह्यात तालुके १३, एसटीची आगारे ७. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या पट्ट्यात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडच्या माणसाला एसटीचाच आधार. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. पण गाडीच नसेल तर सवलत काय कामाची? आणि काळीपिवळीत मुलीचा शाळेचा पास चालत नाही.

मग करावे काय? नुसते 'फेरी वाढवा' असे निवेदन देऊन भागत नाही. सरपंच व ग्रामसेवकांनी आठवडाभर फाट्यावर मोजणी करावी. किती माणसे, किती वाजता, कुठे जातात, ते वहीत लिहावे. एकाच रस्त्यावरच्या तीन-चार गावांनी मिळून ग्रामसभेचे ठराव आगार व्यवस्थापकांकडे द्यावेत. आधी वेळ बदलून मागावी. शाळेची घंटा, बाजाराचा दिवस आणि कचेरीची वेळ साधणारी. दुपारी परतीची एक फेरी मिळाली, तरी अर्धा दिवस वाचतो. मुक्कामी गाडी हवी असेल, तर चालक-वाहकाला निजायला खोली, दिवा आणि पाणी यांची सोय गावाने करावी.

आणि एक आपल्याकडचेही. मागितलेली फेरी सुरू झाली, की पहिले काही महिने तिच्यातच बसा. काळीपिवळी पाच मिनिटे आधी आली तरी थांबा. त्या पाच मिनिटांवरच आपल्या लेकीची शाळा आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना अवलंबून आहे.