लव निवडली, बाकीचं मागोमाग आलं

१९३१ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका फार्मवर मिंकच्या वेतात निळसर राखाडी पिल्लू निघालं. मिंक हा पाणमांजराच्या कुळातला, लांबुळक्या अंगाचा मांसाहारी प्राणी. मूळचा उत्तर अमेरिकेचा, रंगाने गडद तपकिरी. नदीकाठच्या झाडोऱ्यात लपायला हा रंग बरा. फरच्या बाजारात मात्र वेगळेपणालाच भाव. या राखाडी रंगाला ‘सिल्व्हरब्लू’ असं नाव मिळालं, त्याची पैदास वाढवली गेली आणि पुढच्या काही दशकांत पेस्टल, सफायर, व्हायोलेट, शुभ्र पांढरा अशा रंगांची रांगच लागली.

सोळात एक, चौसष्टात एक

यातले बरेच रंग अप्रभावी जनुकांचे आहेत. आई आणि बाप दोघांकडूनही बदललेली प्रत आली, तरच रंग दिसतो. सफायरला अशी दोन जनुकं जुळून यावी लागतात, सिल्व्हरब्लूचं आणि अल्युशियन नावाच्या दुसऱ्या रंगाचं. दोन्हींची एकेक प्रत बाळगणारे, पण दिसायला साधे तपकिरी, असे नर-मादी एकत्र आणले तर सरासरी सोळा पिल्लांत एक सफायर मिळतो. व्हायोलेटला तिसरं जनुकही हवं; तिथे प्रमाण चौसष्टात एकावर जातं. त्यात मादी विते वर्षातून एकदाच. मार्चमध्ये फळते आणि एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात साधारण पाच-सहा पिल्लं देते. एकेक रंग स्थिर करायला वर्षं लागत, जवळच्या नात्यातले प्राणी एकमेकांशी जुळवावे लागत, आणि त्या दुर्मिळतेचीच किंमत बाजार मोजत असे.

सारखे दिसणारे दोन रंग

रंग देणारे मेलॅनिनचे कण रंगपेशीत तयार होतात, पेशीच्या टोकांपर्यंत वाहून नेले जातात आणि तिथून केसात उतरतात. त्यांना पेशीच्या वाहतूक यंत्रणेशी जोडून देणारं एक प्रथिन आहे, मेलॅनोफिलिन. सिल्व्हरब्लू मिंकमध्ये नेमकं त्याचंच जनुक बिघडलेलं असतं. रंग तयार होतो, पण कण गोळा होऊन केसात असमान बसतात आणि तपकिरी केस राखाडी दिसतो. निळसर मांजरांचा रंगही याच जनुकातून येतो. बाकी शरीराला या बिघाडाचा विशेष त्रास नाही.

अल्युशियन रंगही निळसर करडाच. दोन कातडी शेजारी ठेवली तर खरेदीदाराला दिसेल तो फक्त छटेचा फरक. पण अल्युशियनच्या मुळाशी आहे ‘लिस्ट’ नावाचं जनुक. पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांचा आकार आटोक्यात ठेवणं, हे त्याचं काम. ते बिघडलं की रंगकणांच्या पिशव्या अवाढव्य फुगतात आणि रंग फिका पडतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या पिशव्याही तशाच फुगतात आणि त्या पेशी नीट लढू शकत नाहीत. माणसात याच जनुकाच्या बिघाडाने चेडियाक-हिगाशी हा दुर्मिळ आजार होतो. त्या मुलांचे केस रुपेरी असतात आणि संसर्ग त्यांची पाठ सोडत नाही.

मिंक फार्मना याचा हिशेब द्यावा लागला. १९५६ साली या रंगाच्या मिंकमध्ये एका नव्या आजाराची नोंद झाली आणि त्याला रंगाचंच नाव पडलं, अल्युशियन आजार. पार्व्होव्हायरसच्या कुळातला त्याचा विषाणू कुठल्याही रंगाच्या मिंकला लागतो. अल्युशियन जनुकाच्या दोन्ही प्रती असलेले प्राणी मात्र त्याने लवकर दगावतात. शरीर भरमसाट प्रतिपिंडं तयार करतं, विषाणू तरीही मरत नाही, आणि दोघांचे गठ्ठे मूत्रपिंडात साचत जातात. परिणामकारक लस नसल्यामुळे रक्त तपासून बाधित प्राणी काढून टाकणं, हाच फार्मवाल्यांचा मुख्य उपाय राहिला.

हेडलुंड नावाच्या शुभ्र मिंकची गोष्टही अशीच. त्यात रंगपेशी घडवणाऱ्या जनुकातच बिघाड असतो. आतल्या कानालाही रंगपेशी लागतात, म्हणून हे मिंक बहिरे असतात.

आकार वाढला तेव्हा

रंग मोजक्या जनुकांवर ठरतो. लवेचा दर्जा मात्र अनेक जनुकांच्या बारीकसारीक परिणामांची बेरीज. वरचे चकचकीत केस किती लांब, आतली लोकर किती दाट, स्पर्श किती रेशमी, रंगाची शुद्धता किती, हे सगळं हिवाळी लव पूर्ण भरल्यावरच कळतं. दिवस लहान होत जातात तशी ही लव येते. म्हणून डेन्मार्कमध्ये नोव्हेंबर हा प्रतवारीचा महिना असे. जिवंत प्राण्याची लव तपासून गुण दिले जात, आणि पैदाशीसाठी राखलेले मोजके प्राणी सोडून बाकीच्यांची कातडी काढली जात असे. पुढे या गुणांना आईबाप, भावंडं आणि इतर नातलगांच्या नोंदींची जोड देऊन संगणकावर प्रत्येक प्राण्याचं पैदासमूल्य काढलं जाऊ लागलं.

लांब कातड्याला जास्त पैसे, त्यामुळे आकारासाठी निवड जोरात झाली. जंगली नर सुमारे एक-दीड किलोचा, फार्मवरचे नर तीन किलोंच्याही पुढे गेले. पण आकार आणि लवेचा दर्जा यांचं आनुवंशिक नातं उलटं आहे. एकाला ओढलं की दुसरा घसरतो. पिल्लांची संख्याही मोठ्या आकारासोबत घटण्याकडे झुकते.

बदल नुसता कातड्यापुरताही राहिला नाही. फार्मवरच्या मिंकचा मेंदू जंगली मिंकपेक्षा लहान आढळतो. पोलंडमध्ये फार्ममधून निसटलेल्या मिंकच्या रानटी वंशजांचा मेंदू मात्र सुमारे पन्नास पिढ्यांत जवळपास पूर्वीच्या आकारावर परतल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. निवडीचा दाब उठला की शरीर दुसऱ्या गरजांचं ऐकू लागतं.

निवडीत न बसलेला गुण

२०२० मध्ये आधी नेदरलँड्स आणि मग डेन्मार्कच्या फार्मवर कोविडचा विषाणू शिरला. शेजारी-शेजारी पिंजऱ्यांत हजारो प्राणी, आणि सगळेच या विषाणूला सहज बळी पडणारे. मिंकमधून बदललेला विषाणू माणसांत आल्याचं दिसल्यावर डॅनिश सरकारने नोव्हेंबरमध्ये देशातले सगळे, सुमारे १.७ कोटी, मिंक मारण्याचा निर्णय जाहीर केला. निरोगी कळप मारण्याचा कायदेशीर अधिकारच सरकारकडे नव्हता, हे नंतर उघड झालं आणि कृषिमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. तोवर पिढ्यान् पिढ्या निवडून जपलेले पैदाशीचे कळप जवळपास संपले होते.

रोगप्रतिकार हा गुण निवडीत मागे का राहिला, याचं उत्तर हिशेबात आहे. नॉर्डिक देशांत दुधाळ गायीची निवड करताना दुधासोबत कासदाहाला होणारा विरोध आणि गाभण राहण्याची क्षमता यांचेही गुण कित्येक दशकांपासून मोजले जातात, कारण गाय वर्षानुवर्षं गोठ्यात राहते आणि तिचा आजार मालकाच्या खिशाला लागतो. कातड्यासाठीच्या मिंकला मे ते नोव्हेंबर एवढेच सहा-सात महिने जगायचं असतं. एवढ्या थोड्या आयुष्यात शरीर आतून किती भक्कम आहे, याची किंमत लिलावात मोजली जात नव्हती. ज्या गुणाला बाजारात भाव नाही, तो पैदासकाराच्या तक्त्यात मागेच राहतो. आणि तो गुण नसल्याची किंमत मग एकट्या पैदासकाराला चुकवून भागत नाही.