उपवनची सहल आणि रानाचा अदब

वागळे इस्टेट, हाजुरी, किसननगर या भागात आपली बरीच कुटुंबे एक-दोन खोल्यांत राहतात. तंबूतला मुक्काम, गाडी, जेवणाचे पैसे हा हिशेब जमत नाही. मग पुरुष आणि तरुण मुले मित्रांबरोबर कुठे तरी जाऊन येतात; बायका-मुली मात्र घरीच राहतात.

पण रान आणि पाणी आपल्यापासून लांब नाही. वर्तकनगर, शिवाईनगरमार्गे रिक्षाने उपवन तलावावर जाता येते. मागे येऊरचा डोंगर उभा आहे. तो सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. फजरनंतर निघावे, ऊन चढेपर्यंत हिंडावे, संध्याकाळ होण्याआधी परतावे. या जंगलात बिबटे आहेत; रात्री तिथे तंबू ठोकता येत नाही.

सहलीला निघताना आम्ही तीन गोष्टी पाळतो.

पहिली, डबा साधा ठेवायचा. खिमा-पाव, उकडलेली अंडी, खजूर पुरे. आदल्या रात्रीपासून चुलीपाशी राबून तिथेही बायकांनीच वाढायचे, तर सहल कुणाची? प्रेषित मुहम्मद (स.) घरकामात हात लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. त्या दिवशी मुले पुरुषांनी सांभाळावीत.

दुसरी, नमाज. ही सहल म्हणजे शरीअतचा सफर नव्हे, म्हणून जोहर पूर्ण चार रकअतच. वुजूचे पाणी घरूनच न्यावे. किब्ला पश्चिमेला, म्हणजे येऊरच्या डोंगराच्या बाजूला येतो.

तिसरी, कचरा. उघड्यावर टाकलेल्या हाडांवर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. आपण फेकलेल्या हाडांची किंमत येऊरच्या पाड्यांवरची आदिवासी कुटुंबे मोजतात. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा इमानचा भाग आहे, ही हदीस आपण मुलांना पाठ करून देतो. मग निदान आपली पिशवी तरी परत आणू. साचलेल्या पाण्यात आणि लोकांच्या सावलीच्या जागी घाण करण्यासही प्रेषितांनी मनाई केली आहे.

पुढे कधी पैसे साठले आणि तंबूत राहायचा योग आला, तर आणखी एक हदीस लक्षात असू द्या : झोपण्यापूर्वी आग विझवावी. तोवर उपवन आहेच. येत्या रविवारी घरातल्या बायकांनाच विचारा, किती वाजता निघायचे?