ताम्र आणि निळे रक्त

राहाता परिसरात गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या पाटांलगत बिळे करून राहणारा खेकडा विच्छेदनास घेतला असता त्याचे रक्त प्रथम जवळजवळ वर्णहीन दिसते. हवेचा संपर्क होताच त्यावर निळसर छटा चढते. ही छटा ताम्राची होय. हीमोसायनिन या प्रथिनातील दोन ताम्र-अणू मिळून प्राणवायूचा एक रेणू धरतात आणि तेव्हाच ते निळे होते. फ्रेडरिक या बेल्जियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये ऑक्टोपसच्या रक्तातील या द्रव्यास हे नाव दिले. ते पेशींत नसून रक्तद्रवातच विरघळलेले असते. म्हणूनच त्याचे रेणू प्रचंड असतात. तितकेच प्रथिन लहान रेणूंच्या रूपात असते, तर रक्ताचा तर्षणदाब फार वाढला असता.

रक्ताच्या रंगावरून प्राण्याची उच्चनीचता ठरविणे मात्र सर्वस्वी चुकीचे होय. महाराष्ट्रातील गोड्या पाण्यात लिम्निया व इंडोप्लॅनॉर्बिस या गोगलगायी पुष्कळदा शेजारी नांदतात. पहिलीच्या रक्तात हीमोसायनिन, तर दुसरीच्या रक्तात हीमोग्लोबिन! शिवाय संधिपाद व मृदुकाय प्राण्यांची हीमोसायनिने स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेली आहेत. गुरांच्या यकृत-पर्णकृमीचे वाहकत्व लिम्नियाकडे असल्याने, चिरडलेल्या गोगलगायीचे रक्त लाल आहे की नाही, ही साधी खूणही क्षेत्राभ्यासात उपयोगी पडते.